सेवाव्रती डॉ. मेरी वर्गीस

चेन्नईच्या पश्चिमेस सुमारे १४० किलोमीटरांवर वेल्लोर हे गाव आहे. तेथील भुईकोट किल्ला शिवछत्रपतींच्या दक्षिण दिग्विजयात मराठ्यांनी दीर्घ वेढा घालून १६७८ साली जिंकून घेतला होता. परंतु गेल्या शतकात वेल्लोरची ख्याती झाली ती किल्ल्यापेक्षा तेथील रुग्णालयामुळे. दूरदूरच्या प्रांतांतून व्याधिग्रस्त माणसे आगगाडीने तेथे येत असत व अजूनही येतात.

१९५० नंतरच्या दशकात या रुग्णालयात जाणाऱ्या माणसास एक विलक्षण दृश्य दिसे. शस्त्रक्रियेच्या दालनात मेजावर रोगी निजलेला आहे, परिचारिका उपकरणे मांडून सिद्ध आहेत, आणि एका चाकाच्या खुर्चीत बसलेली तरुण स्त्री आत आणली जात आहे. पाहणारास वाटे की हीही कोणी रोगी असावी. पण ती खुर्ची मेजापाशी थांबे, तिच्यातील स्त्री हातांवर रबरी मोजे चढवी आणि शस्त्र हाती घेई. शस्त्रक्रिया करणारी डॉक्टर तीच होती. कमरेखालचे तिचे सारे शरीर निर्जीव झाले होते; दोन हात मात्र शाबूत होते. त्या दोन हातांनी शेकडो हात सुधारण्याचे व्रत तिने घेतले होते. तिचे नाव डॉ. मेरी वर्गीस.

मेरीचा जन्म १९२५ साली केरळातील चेराई या गावी झाला. कोचीनजवळच्या एका लांबट, चिंचोळ्या बेटावर हे गाव वसले आहे. एका बाजूस अरबी समुद्र, दुसऱ्या बाजूस खाडीचे संथ पाणी आणि मधे माडांची दाट बने, असा तो रम्य प्रदेश. मेरीचे घराणे संपन्न व प्रतिष्ठित होते. अन्नवस्त्राची ददात नव्हती. त्या काळी अशा घरातील मुलीने चार इयत्ता शिकावे, विवाह करावा आणि संसारात रमावे, एवढीच लोकांची अपेक्षा असे. मेरीच्या मनाने मात्र वेगळी ओढ घेतली होती. आपण वैद्यकी शिकावी, असे तिला वाटू लागले. शालेय व महाविद्यालयीन शिक्षण आपल्याच प्रांतात पुरे करून, देश स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर उभा असताना, ती वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात दाखल झाली.

या कॉलेजाची जन्मकथाही चित्त वेधणारी आहे. आयडा स्कडर या अमेरिकन स्त्रीने १९०० साली वेल्लोर येथे एका खाटेचा दवाखाना सुरू केला. तरुणपणी एकाच रात्री तिच्या दारी तीन पुरुष एकामागून एक आले होते. तिघांच्याही बायका प्रसूतीच्या वेदनांनी तळमळत होत्या. परंतु पुरुष वैद्याने स्त्रीला तपासावे, हे त्यांच्या घरांतील रीतीस मान्य नव्हते. आयडा तेव्हा वैद्यकी शिकलेली नव्हती. त्या तिघीही दगावल्या. त्या रात्रीने आयडाच्या आयुष्याची दिशा ठरविली. स्वदेशी जाऊन ती डॉक्टर झाली, परत आली आणि १९१८ साली तिने केवळ मुलींसाठी वैद्यकीय विद्यालय काढले. पुढे त्याचेच मोठे महाविद्यालय झाले. अशा संस्थेत शिकताना स्त्रियांची सेवा करावी, हा विचार मेरीच्या मनात रुजला असल्यास नवल नाही. पदवी संपादन केल्यावर तिने स्त्रीरोगचिकित्सेच्या विभागात काम स्वीकारले. स्त्रीरोगांची तज्ज्ञ व्हावे, हे तिचे स्वप्न होते आणि ते साकार होण्याच्या मार्गावर होते.

तोच १९५४ सालच्या जानेवारीअखेरीस घात झाला. रुग्णालयातील काही तरुण डॉक्टर मिळून सहलीस निघाले होते. सर्वांच्या मनी उल्हास होता. पुढे चाललेल्या एका बसला मागे टाकण्याच्या प्रयत्नात त्यांची मोटार रस्ता सोडून उलटली. अनेकांना दुखापती झाल्या. सर्वांत भयंकर दुखापत झाली ती मेरीला. तिच्या चेहऱ्यावर खोल जखमा झाल्या होत्या. पण त्याहून मोठा आघात पाठीच्या कण्यावर झाला होता.

आपल्या पाठीचा कणा म्हणजे एकावर एक रचलेल्या मणक्यांची साखळी होय. या मणक्यांच्या पोकळीतून मज्जारज्जू नावाचा एक नाजूक दोर मेंदूपासून खाली कमरेपर्यंत येतो. मेंदूच्या आज्ञा याच दोरातून हातापायांकडे जातात आणि स्पर्श, उष्णता, वेदना यांच्या वार्ता याच वाटेने मेंदूकडे पोचतात. हाड मोडले तर ते पुन्हा सांधते. मज्जारज्जू मात्र एकदा चिरडला की तो पूर्ववत करण्याचा उपाय अद्यापही वैद्यकशास्त्रास पूर्णपणे साधलेला नाही. मेरीचा मज्जारज्जू असाच दुखावला होता. कमरेखाली तिला हालचाल करता येईना, आणि स्पर्शही कळेना.

मेरी स्वतः डॉक्टर होती. त्यामुळे अज्ञानाचे सुखही तिच्या वाट्यास आले नाही. इतर रोग्यास चार दिवस आशेवर ठेवता येते. जिने वैद्यकाचे ग्रंथ अभ्यासले होते, तिला खोटी आशा कोण दाखविणार? सत्य तिला उमगले. अंथरुणावर निजून छताकडे पाहण्यात दिवसामागून दिवस गेले. कण्यावर दोन शस्त्रक्रिया झाल्या. कुशीवर वळावयाचे तरी दुसऱ्याच्या हातांचा आधार लागे. काल जी इतरांच्या खाटांपाशी जाऊन धीर देत होती, ती आज स्वतःच परस्वाधीन झाली होती. पाय गेल्याच्या दुःखाहूनही, आता आपला कोणास काही उपयोग नाही, हे दुःख तिला अधिक जाळीत होते.

अशा वेळी वेल्लोर येथील अस्थिशल्यविशारद डॉ. पॉल ब्रँड यांनी तिच्या मनास नवी दिशा दिली. डॉ. ब्रँड यांचा जन्म १९१४ साली तमिळ प्रदेशातील कोल्ली टेकड्यांत झाला होता. कुष्ठरोग्यांच्या वाकड्या झालेल्या हातांवर शस्त्रक्रिया करून ते पुन्हा कामाचे बनविण्याचे काम त्यांनी वेल्लोर येथे आरंभिले होते. मेरीवर त्यांनीच उपचार केले होते. तिचे पाय परत आणणे त्यांच्या हाती नव्हते. पण तिचे हात, तिची बुद्धी आणि तिचे ज्ञान यांना काहीही झालेले नाही, ही गोष्ट त्यांनी ओळखली. जे गेले त्याचा हिशेब सारेच करीत होते. जे उरले त्याचा हिशेब त्यांनी केला.

स्त्रीरोगचिकित्सेच्या शस्त्रक्रिया उभ्याने कराव्या लागतात. त्या आता मेरीला शक्य नव्हत्या. हाताची शस्त्रक्रिया मात्र बसून करता येते; किंबहुना ती नाजूक व दीर्घकाळ चालणारी असल्याने धडधाकट डॉक्टरही ती बसूनच करतात. मग ती चाकाच्या खुर्चीत बसून का करता येऊ नये? डॉ. ब्रँड यांनी मेरीला या कामाकडे वळविले.

निर्णय सोपा नव्हता. एक तर पूर्वीचे स्वप्न कायमचे सोडून द्यावे लागणार होते. दुसरे असे की, ज्या रोग्यांची सेवा करावयाची त्यांना सारे जग दूर लोटीत होते. आपल्याकडे या रोगास महारोग म्हणत आणि तो जडलेल्या माणसास गावाबाहेर काढीत. अशा अनाथांसाठी मुंबईत वडाळा येथे १८९० साली ॲकवर्थ यांनी रुग्णालय काढले होते, अमरावतीस डॉ. शिवाजीराव पटवर्धनांनी तपोवन आणि वरोऱ्यास बाबा आमटे यांनी आनंदवन उभे केले होते. पण असे आश्रय मूठभर, आणि रोगी अगणित. शिवाय, आपली अपंग काया घेऊन हजारो डोळ्यांसमोर खुर्चीतून वावरावे लागणार, हा संकोचही मेरीच्या मनात होताच. तो तिने जिंकला. ती शिकावयास तयार झाली.

कुष्ठरोगाचे जंतू हातापायांच्या मज्जातंतूंवर आघात करतात. त्यामुळे स्पर्श व वेदना कळेनाशा होतात आणि काही स्नायू लुळे पडतात. बोटे आखडून हाताचा जणू पंजा बनतो. अशा हाताने घास उचलता येत नाही, की खुरपे धरता येत नाही. परंतु कोपराखालील काही स्नायू या रोगातही शाबूत राहतात. शल्यविशारद अशा एका सशक्त स्नायूचे टोक मूळच्या जागेवरून सोडवितो, त्याला वेगळ्या वाटेने तळहातातून नेतो आणि लुळ्या बोटांना नेऊन जोडतो. एका शेतातील पाणी चर खणून दुसऱ्या शेतात वळवावे, तसाच हा प्रकार आहे. त्यानंतर काही आठवडे हात प्लास्टरमध्ये ठेवतात. प्लास्टर काढल्यावर खरे काम सुरू होते. कालपर्यंत एक काम करणाऱ्या स्नायूला आता दुसरे काम करावयाचे असते. ते मेंदूला धिमेपणाने शिकवावे लागते. लहान मूल जसे पहिल्याने बोटांत खडू धरावयास शिकते, तसे हे मोठे रोगी मूठ मिटावयास व उघडावयास शिकत.

मेरीबाईंनी ही विद्या चिकाटीने आत्मसात केली. खुर्चीत बसून त्या कुष्ठरोग्यांच्या हातांवर शस्त्रक्रिया करू लागल्या. तासन्‌तास ताठ बसणे हीच त्यांच्या दुखावलेल्या पाठीची कसोटी असे. परंतु रोग्याची आखडलेली बोटे पुन्हा सरळ होताना पाहिली की त्या श्रमांचे सार्थक होई.

रोग्यांवर त्यांच्या कामाचा जसा परिणाम होई, तसा त्यांच्या नुसत्या दर्शनाचाही होई. वर्षानुवर्षे हिणकस वागणूक सोसलेला, जगण्याची आशा सोडलेला एखादा माणूस दवाखान्यात येई. समोर पाहतो तो डॉक्टरीणबाईच चालू शकत नाहीत! तरीही त्या काम करीत आहेत, हे पाहून त्याच्या मनातील अंधार थोडा तरी निवळे. ज्या खुर्चीचा मेरीबाईंना संकोच वाटला होता, तीच खुर्ची कित्येकांना औषधासारखी लागू पडली.

डॉक्टर आणि रोगी यांत आणखी एक साम्य होते. कुष्ठरोग्याच्या हाताला चटका बसला तरी कळत नाही. म्हणून तापलेले भांडे तो तसेच धरून ठेवतो आणि हात भाजून घेतो. रोगाने बोटे झडतात, असे लोक समजत. पण वेदना न कळल्याने होणाऱ्या अशा जखमांमुळेच बहुधा बोटांची हानी होते, हे डॉ. ब्रँड यांनी दाखवून दिले. मेरीबाईंच्या पायांची स्थितीही तशीच होती. निरोगी माणूस एका जागी फार वेळ बसला की नकळत थोडा हलतो, कारण शरीर त्याला सूचना देते. ज्याला कमरेखाली संवेदनाच नाही, त्याला ही सूचना मिळत नाही. एकाच जागी सतत भार पडून कातडी सडते आणि खोल व्रण होतात. म्हणून दर थोड्या वेळाने हातांवर भार देऊन शरीर उचलावे लागते; जे काम त्वचेने करावयाचे, ते डोळ्यांनी व सवयीने करावे लागते. मेरीबाईंना हे सारे स्वतःच्या देहावरून ठाऊक होते. त्यामुळे हाताला जपा, असे त्या रोग्यास सांगत तेव्हा तो केवळ पुस्तकी उपदेश नसे.

शस्त्रक्रियेत नैपुण्य मिळाले, लोकांचा विश्वास लाभला. येथेच थांबल्या असत्या तरी त्यांचे जीवन धन्य झाले असते. परंतु त्यांच्या मनास एक प्रश्न सलत होता. मज्जारज्जू दुखावलेले रोगी रुग्णालयात वरचेवर येत. कोणी माडावरून किंवा ताडावरून पडलेला असे, कोणी विहिरीत कोसळलेला असे, कोणी रस्त्यावरील अपघातात सापडलेला असे. त्यांच्या जखमा भरून येत. पण पुढे काय? बहुतेक जण घरी जाऊन अंथरुणाला खिळत आणि व्रणांनी किंवा मूत्रपिंडाच्या विकाराने अकाली मरत. मेरीबाई जगल्या त्या त्यांना उत्तम शुश्रूषा मिळाली म्हणून. ती इतरांना कोण देणार? प्राण वाचविणे ही वैद्यकाची पहिली पायरी. वाचलेल्या माणसाला पुन्हा जगण्याजोगे करणे ही दुसरी. या दुसऱ्या पायरीस पुनर्वसन म्हणतात. दुसऱ्या महायुद्धात हजारो सैनिक पंगू झाले, तेव्हा पाश्चात्त्य देशांत या शास्त्राची झपाट्याने वाढ झाली. आपल्या देशात ते अगदी बाल्यावस्थेत होते. मुंबईत हाजीअली येथे संयुक्त राष्ट्रसंघाच्या साहाय्याने १९५५ साली अशी एक संस्था सुरू झाली होती. पण एवढ्या विशाल देशाला एक संस्था कशी पुरावी?

मेरीबाई उपचारांसाठी ऑस्ट्रेलियातील पर्थ येथे गेल्या. कमरेखाली लुळी पडलेली माणसे तेथे स्वतःची कामे स्वतः करताना त्यांनी पाहिली व त्या स्वतःही बरेच शिकल्या. त्यानंतर त्या अमेरिकेत न्यूयॉर्क येथे डॉ. हॉवर्ड रस्क यांच्या प्रख्यात पुनर्वसन संस्थेत गेल्या. डॉ. रस्क यांनी महायुद्धातील जखमी वैमानिकांना पुन्हा उभे करण्याच्या कामातून हे शास्त्र घडविले होते. परका देश, गोठविणारी थंडी आणि सोबतीला ती चाकाची खुर्ची. अशा स्थितीत अभ्यास करून १९६२ साली त्यांनी आपले शिक्षण पुरे केले. ज्या देशात अपंगांसाठी सर्व सोयी होत्या, तेथेच राहणे त्यांना सुखाचे झाले असते. आपल्या देशात पायऱ्या, चिखल आणि खाचखळगे त्यांची वाट पाहत होते. त्या परत आल्या, कारण त्यांची वाट पाहणारे रोगीही तेथेच होते.

१९६३ साली वेल्लोर येथील पुनर्वसन विभागाची सूत्रे मेरीबाईंच्या हाती आली. त्यांच्या आवडीची हाताची शस्त्रक्रिया आता मागे पडणार होती. अंगी मुरलेले कौशल्य बाजूस ठेवून एक नवे शास्त्र आपल्या मातीत रुजवावयाचे, हा त्यांच्या आयुष्यातील दुसरा त्याग होय. पहिला त्याग दैवाने करविला. दुसरा त्यांनी आपण होऊन केला.

तीनच वर्षांत, १९६६ साली, वेल्लोर शहराबाहेर बागायम येथे पुनर्वसनाची स्वतंत्र संस्था उघडली. रोग्यांनी तेथे राहावे, शिकावे आणि आपल्या पायांवर, किंवा आपल्या हातांवर म्हणा, उभे राहून घरी जावे, हा तिचा हेतू होता. पुनर्वसनाचे काम एकट्या डॉक्टराने होत नाही. दंड बळकट करण्याचे व्यायाम एक शिकवितो. खाटेवरून खुर्चीत कसे जावे, कपडे कसे घालावेत, स्वयंपाक कसा करावा, हे दुसरा शिकवितो. पायांना आधार देणाऱ्या पट्ट्या व कुबड्या तिसरा तयार करतो. त्यातच रोग्यास एखादा धंदा शिकवावा लागतो, आणि घरच्या माणसांची समजूतही घालावी लागते. अनेक वादकांच्या मेळाला एक सूत्रधार लागतो, तशा मेरीबाई या सर्वांच्या सूत्रधार होत्या.

खेड्यातील शेतकरी न्यूयॉर्कच्या नागरिकाप्रमाणे राहत नाही. तो जमिनीवर मांडी घालून बसतो, विहिरीचे पाणी आणतो, बांधावरून चालतो. म्हणून परदेशी विद्या जशीच्या तशी येथे चालत नाही. ती आपल्या घरांना, आपल्या चालीरीतींना आणि आपल्या दारिद्र्यालाही जुळेल, अशी करून घ्यावी लागते. येथील पुनर्वसनाचा खरा कस यातच होता.

त्यांच्या कार्याची कीर्ती देशभर पसरली. डोरोथी क्लार्क विल्सन या अमेरिकन लेखिकेने त्यांचे चरित्र लिहिले. भारत सरकारने १९७२ साली त्यांना पद्मश्री देऊन गौरविले. मान आले म्हणून पाठीची वेदना कमी झाली नाही, आणि वेदना होती म्हणून काम थांबले नाही. १९८६ साली मेरीबाईंचे निधन झाले. अपघातानंतर बत्तीस वर्षे त्या जगल्या. अपघातापूर्वीच्या आयुष्याहून हा काळ मोठा होता, आणि त्यांचे सारे महत्कार्य याच काळातील आहे.

त्यांच्यानंतर ही वाट ओस पडली नाही. बालपणी पोलिओने पाय गमावलेले डॉ. सुरेश अडवाणी यांना मुंबईत वैद्यकीय शिक्षणासाठी प्रवेश मिळविताना झगडावे लागले होते. पुढे त्यांनीच चाकाच्या खुर्चीतून कर्करोग्यांची सेवा केली, मुंबईच्या टाटा रुग्णालयात १९८३ साली अस्थिमज्जारोपणाचा अवघड उपचार यशस्वी करून दाखविला, आणि २०१२ साली ते पद्मभूषण झाले. २०१६ साली अपंगांच्या हक्कांचा नवा कायदा देशात संमत झाला. उच्च शिक्षणात त्यांच्यासाठी जागा राखून ठेवण्याचे बंधन त्याने घातले. मेरीबाईंच्या तरुणपणी असा कोणताही कायदा त्यांच्या पाठीशी नव्हता. पाठीशी होते ते एका गुरूचे डोळस प्रेम आणि स्वतःचा निश्चय.

बागायमच्या संस्थेत आजही रोगी येतात. कोणी झाडावरून पडलेला असतो, कोणी अपघातात सापडलेला असतो. पहिल्या दिवशी तो छताकडे पाहत पडून राहतो. काही महिन्यांनी तोच स्वतःच्या हातांनी खुर्चीची चाके फिरवीत दाराबाहेर पडतो आणि आपल्या गावाची वाट धरतो. मेरीबाईंचे खरे स्मारक तेच होय.